युरोप बॅकपॅकिंग, दोघांनी, पहिल्यांदाच: ठाण्याहून निघण्याआधी कोणीतरी सांगायला हवं होतं ते सगळं

२० मे २०२४ ला ठाण्यात मतदान होतं आणि त्याच रात्री आमचं रोमचं विमान. सकाळी दीड तास रांगेत उभं राहून घामाने निथळत मत दिलं, घरी येऊन भरलेल्या सॅक परत उघडल्या, परत भरल्या, आणि दुसऱ्या दिवशी रोमच्या हॉस्टेलमधली मुलगी माझ्या बोटावरची शाई बघून विचारते काय लागलंय म्हणून. तिला इलेक्शन समजावण्यात पाच मिनिटं गेली आणि तोपर्यंत नवरा सॅक न काढताच खुर्चीत झोपलेला.

लग्नाला तीन वर्षं झालेली, दोघं नोकरीवाले, याआधी परदेश म्हणजे एकदा कंपनीबरोबर दुबई. टूरबरोबर जायचं नाही एवढंच ठरलेलं. आता मैत्रिणी विचारतात कसं केलं तर दर वेळी तेच तेच सांगते, म्हणून एकदाच लिहून टाकते. हे काही परफेक्ट प्लॅनिंग नाही, चुकाच जास्त आहेत यात.

सगळ्यात आधी शहरं कमी करा. नवऱ्याने एक्सेल बनवलेली, त्यात सोळा दिवसांत नऊ शहरं होती, रोम फ्लॉरेन्स व्हेनिस मिलान इंटरलाकेन पॅरिस ॲमस्टरडॅम व्हिएन्ना प्राग, प्रत्येकाला वेगळा रंग. बघायला छान दिसत होती. मग मी त्यात एक कॉलम वाढवला, "सॅक पाठीवर असलेले तास", आणि सगळं कोसळलं. कारण असं होतं की हॉस्टेलचं चेकआऊट दहा-अकराला, पुढच्या गावचं चेकइन दुपारी दोन-तीनला, मधले तास तुम्ही बेघर. ट्रेन दोनच तासांची असली तरी स्टेशनला जाणं, प्लॅटफॉर्म शोधणं, उतरून परत नवीन शहराची बस-मेट्रो समजून घेणं, यात दिवस जातो म्हणजे जातोच. नऊ शहरं म्हणजे आठ वेळा शिफ्टिंग, म्हणजे अर्धी ट्रिप घर बदलण्यात. शेवटी चार ठेवली. रोम ४ रात्री, फ्लॉरेन्स ३, एक रात्र ट्रेनमध्ये, व्हिएन्ना ३, प्राग ४. पॅरिस कापताना मला रडू यायचं बाकी होतं पण आता विचाराल तर बरं झालं, ते वेगळं करायचं. माझा साधा नियम आता असा आहे की एका गावात निदान तीन रात्री, आणि पहिल्या ट्रिपला चारच्या वर गावं नाहीत.

विमानाचं तिकीट काढताना रिटर्न न शोधता मल्टी-सिटी शोधा. मुंबई ते रोम आणि प्राग ते मुंबई असं एकाच बुकिंगमध्ये निघतं, परत रोमला यायची गरज नाही. आम्हाला रोम-रोमपेक्षा थोडं महाग पडलं पण परतीची ट्रेन आणि एक अख्खा दिवस वाचला.

आता व्हिसा. याला लोक उगाच घाबरतात आणि काही जण उगाच घाबरत नाहीत, दोन्ही चूक. शेंगेन व्हिसा एकच, आज २९ देशांत चालतो, पण अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे तुमच्या सगळ्यात जास्त रात्री आहेत. आमच्या इटलीत सात होत्या म्हणून इटली. रात्री सारख्या असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार तो देश. "अमुक देशाचा पटकन मिळतो" म्हणून तिकडून काढून दुसरीकडेच राहायचं असले सल्ले घेऊ नका, प्रश्न विचारले तर काय सांगणार. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी, पण पंधरा दिवस हा आकडा विसरून जा. उन्हाळ्यात मुंबईत अपॉइंटमेंट मिळणं हीच खरी लढाई असते, आम्ही फेब्रुवारीत बघायला लागलो आणि पासपोर्ट हातात आले निघायच्या पाच दिवस आधी. त्या पाच दिवसांआधीचे दहा दिवस आमच्या घरात कोणी धड जेवलेलं नाही. फी आमच्या वेळी माणशी ८० युरो होती, जून २०२४ पासून ९० झाली, व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. रिजेक्ट झालं तरी फी परत नाही.

कागदांमध्ये जोडप्यांनी बघायच्या गोष्टी सांगते. अर्ज दोघांचे वेगळे, फाइल दोन, "नवऱ्याच्या फाइलमध्ये आहे ना ते" चालत नाही, सगळ्याच्या झेरॉक्स दोन्हीकडे. माझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे, त्यामुळे मॅरेज सर्टिफिकेट लावलं आणि सगळी तिकिटं पासपोर्टवरच्याच नावाने काढली, सासरचं नाव कुठेही नाही. इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोचा लागतो आणि तो अख्ख्या शेंगेनसाठी चालणारा हवा. बँक स्टेटमेंटमध्ये अर्जाच्या आदल्या आठवड्यात बाबांकडून दोन लाख मागून भरू नका, ते लगेच दिसतं, पैसे आधीपासून खात्यात असू दे. हॉटेल-हॉस्टेल फ्री कॅन्सलेशनवाली खरीखुरी बुक करा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने व्हॅलिड हवा आणि दोन पानं कोरी. आणि हो, ऑक्टोबर २०२५ पासून बॉर्डरवर बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायची नवीन सिस्टीम आली आहे, तेव्हा उतरल्यावर लगेच पुढची ट्रेन पकडायचा हट्ट नको.

सॅकबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे कारण आमचं सगळ्यात मोठं शहाणपण आणि सगळ्यात मोठा मूर्खपणा दोन्ही इथेच झालं. शहाणपण म्हणजे निघायच्या महिनाभर आधी प्रॅक्टिस. सॅक पूर्ण भरायची आणि रविवारी सकाळी उपवनपासून येऊरचा चढ चढायचा. पहिल्या रविवारी माझी सॅक साडेअकरा किलोची होती आणि मी अर्ध्या रस्त्यात चहाच्या टपरीवर बसून नवऱ्याला म्हटलं तू जा पुढे. मॉर्निंग वॉकवाले एक आजोबा म्हणाले, "काय गं, घर सोडून निघालीस का?" दुसऱ्या रविवारी नऊ किलो, तिसऱ्याला साडेसात. जे काढलं त्यातलं एकही नंतर आठवलं नाही. ४० लिटरची सॅक पुरते. चार टॉप, दोन पँट, एक पातळ जॅकेट, एक रेनकोट, एक चालून चालून मऊ झालेले बूट (नवे नको!! नवे अजिबात नको), बाथरूमसाठी हवाई चप्पल, लॉकरचं छोटं कुलूप, कपडे वाळवायची नायलॉन दोरी. पाच दिवसांनी लाँड्रोमॅटमध्ये धुवायचं. चाकाची बॅग ज्यांना घ्यायचीय त्यांनी घ्या, पण रोम आणि प्रागचे जुने रस्ते दगडी आहेत, चाकं त्यावर खडखड करत अडकतात आणि जुन्या बिल्डिंगमधल्या हॉस्टेलला बऱ्याचदा लिफ्ट नसते.

मूर्खपणा म्हणजे नवऱ्याने नवे बूट घेतले. कंसात दोन उद्गारचिन्हं उगाच नाही टाकली. तिसऱ्या दिवशी दोन्ही टाचांना फोड.

एक वस्तू मात्र प्रत्येकाने न्या, साधी सुती ओढणी. सेंट पीटर्स बॅसिलिकामध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, स्लीव्हलेस घालून दोन तास रांगेत उभ्या राहिलेल्या बायका दारातून परत फिरताना बघितल्या. तिथे ओढणी. रात्रीच्या ट्रेनमध्ये डोळ्यांवर ओढणी. आणि व्हिएन्नात तिचा जो उपयोग झाला तो पुढे सांगते.

ट्रेनचं म्हणाल तर सगळे पहिल्यांदा विचारतात युरेल पास, म्हणजे एकाच पासवर बऱ्याच देशांतल्या ट्रेन, घ्यायचा का. तीन-चार प्रवास असतील तर नको. पास घेतला तरी इटलीच्या फास्ट ट्रेनना आणि रात्रीच्या ट्रेनना रिझर्व्हेशनचे वेगळे पैसे पडतातच, फ्रान्सच्या टीजीव्ही या फास्ट ट्रेनलाही. रोज उठून गाव बदलणाऱ्याला किंवा आयत्या वेळी ठरवणाऱ्याला पास परवडतो, आम्हाला सुटी तिकिटं दीड-दोन महिने आधी काढून बरीच स्वस्त पडली. रोम ते फ्लॉरेन्स फास्ट ट्रेन दीड तासाची, त्यावर दोन कंपन्यांची स्पर्धा आहे म्हणून लवकर बुक केलं तर भाव चांगला मिळतो. व्हिएन्ना-प्राग साधारण चार तास. इटलीत साध्या रिजनल ट्रेनचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये शिक्का मारायचा, नाहीतर तिकीट असून विनातिकीट. प्राग-व्हिएन्नाच्या मेट्रो-ट्रामच्या कागदी तिकिटालाही तसंच. तिथे गेट नाहीत, कोणी अडवत नाही, त्यामुळे फुकट वाटतं, आणि मग अचानक टीसी.

स्टेशनचं नाव पूर्ण वाचा. म्हणजे बाहेरच्या माणसाला ठाणे आणि ठाकुर्ली सारखंच वाटेल ना, तसं आपलं तिकडे होतं. फ्लॉरेन्समध्ये सांता मारिया नोव्हेल्ला, काम्पो दी मार्ते, रिफ्रेदी अशी तीन स्टेशनं आहेत आणि तिकिटावर कुठलं आहे ते आम्ही संध्याकाळी जेवताना बघितलं. पळत गेलो. मिळाली.

ती रात्रीची ट्रेन म्हणजे नाइटजेट, फ्लॉरेन्सहून संध्याकाळनंतर बसायचं, सकाळी व्हिएन्ना. कुशेट नावाचा क्लास घ्या, एका कंपार्टमेंटमध्ये सहा बर्थ, आपला थ्री टियरच पण दार बंद होणारा, चादर-उशी देतात, सकाळी पाव-जॅम-कॉफी. एका रात्रीचं हॉस्टेल वाचलं आणि शिफ्टिंगचा दिवस वाचला. सहा जणांत चार अनोळखी होते, एक घोरणारे काका होते, पण आपण कोकणकन्याने गेलेली माणसं.

राहायचं कुठे यावर आमचं भांडण होतं. मला हॉस्टेलचं डॉर्म हवं होतं, अनुभव म्हणून, त्याला प्रायव्हसी. मग हिशोब केला तेव्हा कळलं की डॉर्मचे दोन बेड आणि हॉस्टेलमधलीच दोघांची खोली यात कित्येकदा फार फरक नसतो. म्हणून दोघांनी जाताना आधी प्रायव्हेट रूमचा भाव बघा. रोमला डॉर्म घेतलं, बाकी दोन ठिकाणी खोली, प्रागला किचनवाला छोटा फ्लॅट. किचन असलं की जीव शांत होतो. सिटी टॅक्स म्हणून दर रात्री माणशी थोडे युरो जागेवर वेगळे द्यावे लागतात, बऱ्याचदा कॅश, बुकिंगच्या रकमेत ते नसतात, त्यावरून काउंटरवर वाद घालू नका, आम्ही घातला आणि हरलो.

खाण्याचं. निघताना सासूबाईंनी प्रशांत कॉर्नरमधून खव्याची मिठाई आणून ठेवलेली, ती घरीच ठेवावी लागली कारण बाहेरच्या देशातून ईयूमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. "अगं दोन पेढ्यांनी काय होतंय?" आई, नियम आहे. शेंगदाण्याची चटणी, थालीपीठाची भाजणी, मेतकूट, इन्स्टंट पोहे नेले आणि भाजणीचं थालीपीठ प्रागच्या फ्लॅटमध्ये बाराव्या-तेराव्या दिवशी लावलं तेव्हा नवरा काहीच बोलला नाही, नुसतं खात होता. मी शाकाहारी, तो सगळं खातो. इटलीत शाकाहाऱ्याचं काही अडत नाही, वजनावर कापून देतात तो पिझ्झा घ्या, आणि पेपेरोनी लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, इटालियनमध्ये त्याचा अर्थ ढोबळी मिरची. कॉफी काउंटरवर उभं राहून प्या, टेबलवर बसलात की तीच कॉफी महाग. बिलात कोपेर्तो दिसेल, तो बसायचा चार्ज, फसवणूक नाही. प्रागमध्ये चीजचा मोठा वडा तळून देतात, स्माझेनी सीर, एकदा ठीक आहे. पाणी विकत घेऊ नका, रोममध्ये रस्तोरस्ती लोखंडी नळ आहेत चोवीस तास वाहणारे, खालून बोट लावून तोंड बंद केलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं, थेट पिता येतं. व्हिएन्नात तर नळाला आल्प्समधलं पाणी येतं.

आणि दुकानं कधी बंद हे बघून ठेवा, हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. व्हिएन्नाला पोचलो २९ मेला, म्हटलं उद्या भाजी आणू. ३० मे २०२४ ला गुरुवार असूनही फ्रोनलाइखनाम नावाचा सण, सगळी सुपरमार्केट बंद. मोठ्या स्टेशनातली दुकानं रविवारी आणि सुट्टीला उघडी असतात, तिथून ब्रेड-टोमॅटो आणले. म्युझियमचंही तसंच, फ्लॉरेन्सची उफित्झी गॅलरी सोमवारी बंद, पॅरिसला जाणाऱ्यांनो लूव्र मंगळवारी बंद. उलट इटलीतली सरकारी म्युझियम महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतात आणि नेमक्या त्या रविवारी आम्ही प्रागमध्ये होतो. कोलोसियमचं तिकीट साधारण महिनाभर आधी खुलं होतं आणि त्यावर नाव असतं, गेटवर पासपोर्टशी जुळवतात.

ओढणी. तर व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरामध्ये उभं राहून बघायची स्वस्त तिकिटं असतात, आम्ही ती घेतली. आत गेल्यावर प्रत्येकाच्या पुढ्यात एक दांडा असतो आणि तिथले जुने लोक त्या दांड्याला स्कार्फ बांधून खुशाल बाहेर फिरायला जातात, जागा त्यांची. मी नवऱ्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे, ठाणे लोकलमध्ये रुमाल टाकून विंडो सीट धरणारी माणसं आम्ही, दोन सेकंदांत ओढणी बांधली आणि जिन्यावर जाऊन बसलो. ऑपेरातलं काही कळलं नाही.

लोकलचा आणखी एक फायदा, पाकीटमार. रोममध्ये तेर्मिनी स्टेशनहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस त्यासाठी प्रसिद्ध आहे. सकाळच्या फास्टला चढताना सॅक पुढे घेतो तशी पुढे घ्यायची, मोबाईल आत, बस. रस्त्यात कोणी हातात दोरा बांधायला आलं, सही करा म्हणून कागद पुढे केला, तर न थांबता चालत राहायचं. पासपोर्ट कपड्याच्या आतल्या पाऊचमध्ये, एक फोटोकॉपी दुसऱ्याच्या सॅकमध्ये.

पैसे. फॉरेक्स कार्ड एक माझ्या नावाचं, एक त्याच्या, थोडी कॅश. तेव्हा युरो साधारण ९० रुपयांना होता. मशीन विचारतं रुपयात पैसे कापू की युरोत, तर नेहमी तिथलीच करन्सी निवडा, रुपये म्हटलं की रेट वाईट लागतो. प्रागमध्ये युरो नाही, क्राऊन चालतो, आणि रस्त्यावरच्या एक्स्चेंजच्या पाट्यांवर झिरो कमिशन लिहिलेलं असलं तरी रेट बघा. फसलात तर तिथल्या कायद्याने छोटा व्यवहार तीन तासांत रद्द करता येतो, पावती जपून ठेवा. आम्ही राहणं-ट्रेन सोडून रोजचे दोघांत ६० युरो ठरवलेले. रोममध्ये रोज ओलांडले, प्रागमध्ये भरून निघाले.

आता भांडणं, कारण हे कोणी लिहीत नाही. घरी तुम्ही दिवसाचे दहा तास वेगळे असता, तिथे चोवीस तास एकत्र, दमलेले, भुकेले, आणि मेच्या शेवटी रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो त्यामुळे जेवायची वेळ झालेली कळतच नाही, चालतच राहतो. रोमच्या तिसऱ्या दिवशी, त्याच्या टाचांना फोड, माझ्या हातात मॅप, आम्ही एका पुलावर मराठीत मोठमोठ्याने भांडलो. तो म्हणे, "तुला सगळं बघायचंच असतं." मी म्हटलं, "आणि तुला फक्त बसायचं असतं, मग येऊरलाच बसायचं होतं." मग दोन गोष्टी ठरवल्या आणि त्यांनी उरलेली ट्रिप तारली. एक, एक दिवस तू कॅप्टन, एक दिवस मी. कॅप्टन ठरवेल ते, दुसऱ्याने रस्ता चुकला तरी तोंड उघडायचं नाही. दोन, दर शहरात अर्धा दिवस वेगळं फिरायचं. फ्लॉरेन्सला मी कॅथेड्रलच्या घुमटाच्या ४६३ पायऱ्या चढले आणि तो खाली चौकात सँडविच खात बसला, संध्याकाळी भेटलो तेव्हा दोघांकडे सांगायला काहीतरी होतं. सात वाजता काहीही झालं तरी जेवायचं, हा तिसरा नियम आपोआप आला.

४ जूनला आम्ही प्रागमध्ये आणि इकडे मतमोजणी सकाळी आठला सुरू, म्हणजे तिथे पहाटे साडेचार. नवरा अलार्म लावून उठला, मोबाईल घेऊन खिडकीत बसला, मला झोप येईना, म्हटलं चल बाहेर. चार्ल्स ब्रिज दिवसा बघायची सोयच नाही, ठाणे स्टेशनचा ब्रिज बरा इतकी गर्दी. पहाटे पाचला आम्ही, एक फोटोग्राफर, आणि नदीवर बदकं. १३५७ मध्ये बांधायला घेतलेला तो पूल, आणि नवरा त्यावर उभा राहून ठाण्यात कोण पुढे आहे ते रिफ्रेश करतोय. त्या दिवशी कॅप्टन तोच होता म्हणून गप्प बसले.

शेवटच्या दिवसासाठी एवढंच, प्राग एअरपोर्टला टॅक्सी नको, मेट्रोच्या ए लाईनने नाद्राझी वेलेस्लावीनला उतरायचं आणि तिथून ५९ नंबरची ट्रॉलीबस, आमच्या वेळी ४० क्राऊनच्या ९० मिनिटांच्या तिकिटात सगळं झालं. उरलेले क्राऊन तिथेच खर्च करून टाका, नाणी इकडे कोणी बदलून देत नाही. आमची अठ्ठावीस क्राऊनची चिल्लर अजून किल्ल्यांच्या वाटीत पडलेली आहे आणि कामवाल्या मावशी दर आठवड्याला विचारतात, हे टाकू का?